सेकंडहँड शेव्हरले टाहो (2007 ते 2014): काय बिघडतं आणि किती पैसे जातात

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात या पिढीची टाहो भरपूर दिसते आणि आकाराच्या मानाने स्वस्त मिळते. तीन रांगा, फ्रेमवर बसवलेली बॉडी, 5.3 लिटरचं व्ही8 इंजिन, ट्रेलर ओढायला दणकट. पार्ट कुठेही मिळतात, बहुतेक मेकॅनिकना गाडी तोंडपाठ असते. तरी किंमत खाली का, हे बॉनेट उघडल्यावर कळतं.

पेट्रोल वाचवायला या इंजिनात एएफएम (अ‍ॅक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट) नावाची यंत्रणा दिली आहे. गाडी एका वेगात, हलक्या पायाने चालली की 1, 4, 6 आणि 7 हे चार सिलिंडर बंद होतात. या सिलिंडरांचे लिफ्टर, म्हणजे कॅमशाफ्टच्या धक्क्याने व्हॉल्व्ह उघडणारे भाग, वेगळे असतात. ऑइलच्या दाबाने आतली पिन सुटते, मग लिफ्टर जागच्या जागी दबत राहतो आणि व्हॉल्व्ह उघडतच नाही. ऑइल कमी पडलं किंवा जुनं होऊन घट्ट झालं की ही पिन अडकते. दुसरा प्रकार जास्त वाईट: लिफ्टरचा रोलर फिरायचा थांबतो आणि कॅमशाफ्ट खरवडायला लागतो. आधी टिकटिक ऐकू येते, मग एक सिलिंडर नीट पेटत नाही आणि इंजिन लंगडतं, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि स्कॅनरवर पी0300 (सिलिंडर नीट पेटत नसल्याचा कोड) येतो.

लिफ्टर वरून उपसून काढता येत नाहीत, दोन्ही सिलिंडर हेड उतरवावी लागतात. म्हणजे इनटेक, रॉकर, पुशरॉड सगळं बाहेर. गॅस्केट नवीन आणि हेडचे बोल्टही नवीनच, कारण ते एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. गॅरेजमध्ये साधारण 3,000 ते 5,000 डॉलर जातात, कॅमशाफ्ट बदलावा लागला तर वरच्या टोकाला. ‘एकच लिफ्टर बदलून देतो, स्वस्तात होईल’ असं कोणी म्हटलं तर त्याच्याकडे काम देऊ नका. मजुरीचा मोठा भाग तरीही लागतोच. हेड उघडलेलंच आहे तर सोळाही लिफ्टर बदलून घ्यावेत.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (स्कॅनर जोडायच्या जागी) लावायचा एक डबा मिळतो, साधारण 200 डॉलरचा. तो आठही सिलिंडर कायम चालू ठेवतो. चांगल्या स्थितीतल्या इंजिनाला तो लावावा, असं आमचं मत. अडकलेला लिफ्टर मात्र त्याने सुटत नाही.

ऑइल पिण्याची तक्रारही एएफएमशीच जोडलेली. ऑइल पॅनमधला, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरच्या भिंतींवर ऑइल उडतं, पिस्टनच्या रिंगांवर काजळी धरते आणि त्या खाचेत चिकटून बसतात. कंपनीने यावर व्हॉल्व्हभोवती एक पत्र्याची ढाल आणि डाव्या बाजूचं सुधारित व्हॉल्व्ह कव्हर काढलं. जुन्या गाडीत ही दोन कामं झाल्याचं बिल मिळालं तर सोन्याहून पिवळं. तपासणी सोपी आहे: 7 नंबरचा स्पार्क प्लग काढा. ड्रायव्हरच्या बाजूला, सगळ्यात मागचा. शेजारचा 5 नंबर कोरडा, फिकट तपकिरी आणि 7 नंबर काळा, ओला, ऑइलने माखलेला निघाला तर रिंगा गेल्यात जमा. इंजिनात 6 क्वार्ट, म्हणजे 5.7 लिटर ऑइल बसतं. डॅशबोर्डवरचा ऑइलच्या आयुष्याचा टक्का शून्यावर येण्याची वाट न बघता 5,000 मैलांच्या आत बदलावं आणि दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघावी.

ऑइल प्रेशरचा काटा अचानक शून्यावर आला आणि इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच असला, तर बहुतेक वेळा सेन्सर किंवा त्याच्याखालची बारीक जाळी तुंबलेली असते. पार्ट स्वस्त, जागा मात्र इनटेकच्या पार मागे, हात जेमतेम पोचतो. तरी गाडी आधी बंद करा आणि मेकॅनिकल गेज लावून खात्री करा.

2009 पासून 5.3 ला सहा गिअरचा 6एल80 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. चालवायला आधीच्या चार गिअरवाल्यापेक्षा छान, पण टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) कच्चा. ताशी 45 ते 60 मैलांच्या वेगात अगदी हलका अ‍ॅक्सिलरेटर धरा. रस्त्याकडेच्या खडबडीत पट्ट्यावरून चाक गेल्यासारखी थरथर जाणवली तर कन्व्हर्टर संपत आलाय. तसाच दामटला तर त्याचा कीस पूर्ण गिअरबॉक्सभर फिरतो आणि रीबिल्डचे 3,500 ते 5,000 डॉलर होतात.

बाकीची दुखणी किरकोळ. थंड इंजिनात टिकटिक आणि गरम झाल्यावर गायब, म्हणजे बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा मागचा बोल्ट तुटलाय. लिफ्टर म्हणून घाबरू नका. महागड्या मॉडेलमधले इलेक्ट्रॉनिक शॉकअ‍ॅब्सॉर्बर गळायला लागले की साधे बसवणारेच जास्त. डॅशबोर्डला भेगा पडतात, त्या बघून फक्त भाव पाडायचा. काच धुण्याचं पाणी गरम करणारं बटण चालत नसेल तर तो बिघाड नाही. 2010 च्या रिकॉलमध्ये आगीच्या भीतीने कंपनीनेच ते बंद केलं आणि मालकांना 100 डॉलर दिले. ताकाता कंपनीच्या सदोष पॅसेंजर एअरबॅगच्या रिकॉलचं काम मात्र झालंय का, हे एनएचटीएसए या अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून बघाच. ते काम फुकट होतं. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात त्या राज्यांतली गाडी असेल तर खाली आडवं होऊन ब्रेकच्या नळ्या गंजल्यात का बघा.

बघायला जाताना सकाळची वेळ घ्या आणि पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. विकणाऱ्याने इंजिन आधीच तापवून ठेवलं असेल तर थंड इंजिनातली टिकटिक तुम्हाला ऐकूच येणार नाही. चावी परत द्या, उद्या येतो म्हणा.