मॉन्टेनेग्रो: जूनचा उत्तरार्ध की सप्टेंबरचा पूर्वार्ध?

आठवडाभर मॉन्टेनेग्रोला जायचं असेल तर जुलै-ऑगस्ट आधीच बाद करा. राजधानी पॉडगोरित्सात ऑगस्ट २००७ मध्ये पारा ४४.८ अंशांवर गेला होता, आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते.

समुद्रासाठी सप्टेंबर सरस, यात वाद नाही. पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. जूनमध्ये किनाऱ्यावरच्या बुद्वाला ते २२ अंशांच्या आसपास असतं, सप्टेंबरच्या सुरुवातीला २४. कोकणातल्या कोमट समुद्राची सवय असेल तर जूनमध्ये हुडहुडी भरेल.

दुर्मितोरच्या डोंगरात मात्र निवड अवघड. तिथलं झाब्ल्याक हे गाव सुमारे १,४५० मीटरवर आहे; बुद्वात ३० अंश असताना इथे २०, रात्री स्वेटर हवाच. जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा, कुरणं फुललेली, आणि बर्फ वितळल्याने तारा नदीला राफ्टिंगजोगं पाणी. पण बोबोटोव्ह कुक शिखराच्या (२,५२३ मीटर) वाटेवर सावलीच्या उतारांना बर्फाचे पट्टे उरतात. सकाळी ते दगडासारखे टणक असतात; साध्या बुटांनी ओलांडू नका. दुपारी विजा होतात, म्हणून पहाटे निघून एकच्या आत धारेवरून उतरावं. सप्टेंबरमध्ये वाट बहुधा कोरडी, पण दिवस साडेबारा-तेरा तासांचा आणि तारा उथळ. शिवाय हा सगळा चुनखडीचा मुलूख, पडलेलं पाणी जमिनीत गडप होतं. वाटेत झरा मिळेल या भरवशावर राहू नका, माणशी तीन लिटर सोबत घ्या.

सप्टेंबर जितका पुढे सरकेल तितका पावसाचा धोका वाढतो. तापलेल्या एड्रियाटिकवरची दमट हवा ओर्येनच्या डोंगरावर चढते आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यासारखीच तिथे रिती होते. कोटोरच्या आखातावरच्या त्सर्क्वित्से गावाची वार्षिक सरासरी सुमारे ४,६०० मिलिमीटर आहे; त्यातला बराचसा पाऊस शरद आणि हिवाळ्यात पडतो.

अंदाज बघताना वाऱ्याची दिशा आधी पाहा. आग्नेयेकडून येणारा 'युगो' ढग, पाऊस आणि लाटा आणतो. त्या दिवशी बोटीची सफर ठेवू नका. ईशान्येचा 'बुरा' आकाश स्वच्छ करतो, पण झोत जोराचे असतात.

समुद्र आणि डोंगर दोन्ही हवे असतील तर सप्टेंबरचे पहिले दहा दिवस घ्या. राफ्टिंग आणि फुलांसाठीच जात असाल तर जून. आणि पॉडगोरित्साच्या अंदाजावर किनाऱ्याचा बेत आखू नका. मधल्या डोंगरातला सोझिना बोगदा जेमतेम चार किलोमीटरचा, तरी एका तोंडाशी पाऊस आणि दुसऱ्याशी ऊन असू शकतं.