तेरा पुस्तकं, सहा महिने

जूनमध्ये ‘अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स’ ही मुलांसाठीची इंग्रजी कादंबरीमालिका पुन्हा वाचायला घेतली आणि डिसेंबरात तेरावं पुस्तक मिटलं. पंधरवड्याला साधारण एक. लेखक लेमनी स्निकेट, म्हणजे डॅनियल हँडलर. पुस्तकं १९९९ ते २००६ या काळात आली. सातवी-आठवीत ही मालिका म्हणजे माझा जीव की प्राण होती.

मी मराठी माध्यमातली. अवघड शब्द आला की निवेदक गोष्ट थांबवून त्याचा अर्थ सांगतो, म्हणूनच मला ही पुस्तकं झेपली. पहिल्याच प्रकरणात समुद्रकिनाऱ्यावर घरच्यांच्या ओळखीचे बँकवाले मिस्टर पो येतात आणि बोदलेअर भावंडांना सांगतात, तुमचे आईवडील आगीत ‘पेरिश्ड’. वर त्या शब्दाचा अर्थही सांगतात. क्लाउस चिडतो, अर्थ माहीत आहे आम्हाला! मला तेव्हा तो शब्द खरंच येत नव्हता, त्यामुळे पो भला माणूस वाटला होता. या वेळी ते वाचताना पोटात तुटलं. पोरांचं छत्र गेलंय आणि हा माणूस शब्दार्थ सांगतोय.

मग पुढे सगळीकडे माझं लक्ष या अर्थांकडेच. निवेदकाचे अर्थ त्या प्रसंगापुरतेच असतात, आणि पुष्कळदा काहीतरी भयंकर घडायच्या तोंडावर येतात. लहानपणी मी त्यांवर खो खो हसायचे. आता वाटतं, तो वाचणाऱ्या पोराजवळ घटकाभर बसतोय. ‘द रेप्टाइल रूम’मध्ये जवळचं माणूस जाणं कसं असतं ते त्याने अंधारात जिना चढण्यावरून सांगितलंय: अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावीच. बाबा गेल्यावर कितीतरी दिवस साखर घालायच्या आधी मी त्यांचा चहा वेगळा काढत होते. ते पान तीनदा वाचलं आणि त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं.

हसूही तितकंच येतं. त्याच पुस्तकात विजेच्या वस्तूंशी खेळू नका हे बजावताना ‘एव्हर’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा येत राहतो. भाचीला दाखवलं, तर ती बोट ठेवून मोजायलाच बसली.

सलग वाचताना साचा मात्र जाणवतो. नवा पालक, मुलांच्या वारशावर टपलेला आणि वेष पालटून आलेला काउंट ओलाफ, आणि मुलांचं कुणी ऐकत नाही. चौथं ‘द मिझरेबल मिल’ रेटूनच संपवलं. पाचव्यापासून गुप्त संघटनेचे धागे हाती लागतात आणि मग पुस्तक खाली ठेववत नाही. ज्याच्यामागे सगळे लागलेले असतात त्या साखरेच्या भांड्यात काय होतं, हे तेराव्यातही सरळ सांगत नाहीत. त्याचा राग तेव्हाही आला होता, आजही आला.

कागदी प्रतीच घ्या. प्रत्येक पुस्तकातल्या ब्रेट हेल्क्विस्टच्या शेवटच्या चित्रात पुढच्या पुस्तकाची खूण दडलेली असते, ती शोधण्यात वेगळीच मजा आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना खुशाल द्या. फक्त पहिलं प्रकरण त्यांच्या शेजारी बसून वाचा.