हेळव्यांनी वाचलेली आमची वंशावळ

माघात एका सकाळी दारात हाक आली, "आक्का, हेळवी आलोय." बैल नव्हता, मोटारसायकल होती, पण वह्या मात्र जुन्याच, लाल फडक्यात बांधलेल्या. सासूबाईंनी त्यांच्या पायावर पाणी घातलं, पाट मांडला आणि घरातल्या सगळ्यांना बसवलं.

ज्यांच्या दारात हे कधी आले नसतील त्यांच्यासाठी सांगते. हेळवी म्हणजे कानडी मुलखातून येणारे, पिढीजात वंशावळ राखणारे लोक. घराणी त्यांच्यात वाटलेली असतात, बापाकडून लेकाकडे येतात. आमच्या वहीतली अक्षरं कानडी, सांगणं मराठीत. आधी कूळ, देवक, कुलदैवत, मूळ ठिकाण. मग एका सुरात एकेक पिढी. चाळीस मिनिटांत नऊ पिढ्या झाल्या.

आमच्या घरात एक कोडं होतं. आम्ही कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचे. चैत्रात सगळी गल्ली जोतिबाच्या डोंगराला निघते आणि आमचे मामंजी मात्र शिखर शिंगणापूरला कावडीला जायचे. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. हेळव्यांनी वहीतली ओळ वाचली : घराणं माण मुलखातलं, मोठ्या दुष्काळात तिघे भाऊ निघाले, एक मिरजेकडे राहिला, दोघे पंचगंगेच्या काठाला आले. साताऱ्याकडच्या त्या माणातच शिखर शिंगणापूर. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्या पंचावन्न वर्षं शिंगणापूरच्या नावानं नारळ फोडत आल्यात.

वहीत साल नाही, ही पहिली उणीव. पिढ्या मोजून मी १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाशी येते. पर्जन्यछायेतल्या माणला त्याची झळ बसली होती, हिशेब जुळतो. पण तो माझा हिशेब. म्हणून गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींची नक्कल काढली. ती मोडीत, वाचून घ्यायला पानाला तीनशे रुपये गेले. मामंजींच्या आजोबांचा जन्म १८८९ चा निघाला आणि बापाचं नाव वहीतलंच! एका पिढीत थोरला-धाकटा मात्र उलटा लागला होता. तेव्हा हेळव्यांचं ऐका, पण कागदाशी ताडून घ्या. थोरल्या लेकीनं मागं थुंकीवरून मूळ सांगणारी डीएनए तपासणी करून घेतली होती. त्यात टक्के आले, माण आलं नाही.

दुसरी उणीव मला जास्त लागली. आमच्या वहीत बायकांची नावं नाहीत. नऊ पिढ्या कुणी जन्माला घातल्या ते कुठंच नाही. मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "आजवर कुणी सांगितलं नाही आक्का, सांगा, लिहितो." सासूबाईंचं, माझं आणि दोन्ही लेकींचं नाव माझ्यासमोर लिहिलं. धाकटी कुठं असते विचारून पुढं 'पुणे' टाकलं.

दर ठरलेला नसतो. आम्ही पायलीभर शाळू, टॉवेल-टोपी आणि अकराशे रुपये दिले. सांगणं रेकॉर्ड करायला परवानगी मागा, आमच्याकडे दिली. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस शेजारी बसवा. निम्मे खुलासे तिथूनच होतात.

पुढची खेप तीन वर्षांनी. तोवर सासूबाईंच्या माहेरची वही शोधायची आहे. माहेर शिरोळ तालुक्यातलं, तिकडचे हेळवी वेगळे.