जुन्या वॅगनआरमध्ये ‘प्लस १३०’ हेडलाइट बल्ब: एक ऊसहंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

गाडी २००८ ची वॅगनआर, पेट्रोल. दिवाळीच्या सुमारास हेडलाइटमध्ये ‘प्लस १३०’ वर्गातले एच४ (अप्पर आणि डिप्पर एकाच बल्बात असलेले) बल्ब टाकले, आता गणपती होऊन गेलेत. कामानिमित्त रात्रीचा प्रवास मुख्यतः कराड ते चिपळूण, म्हणजे पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. फक्त शहरात गाडी चालवणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. रस्त्यावर दिवे असले की साध्या आणि महाग बल्बातला फरक शोधावा लागतो. हे लिहितोय ते दिवे नसलेल्या, कडेची पांढरी पट्टी पुसून गेलेल्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांसाठी.

माझा मापदंड साधा आहे: उसाची ट्रॉली. हंगामात कराड-पाटण पट्ट्यात रात्रभर ट्रॅक्टर चालू असतात. ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो. रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने माखलेला, नाहीतर लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, झाकलेला. भरलेला ऊस अंधारात मातीच्याच रंगाचा दिसतो. त्यात समोरून कुणीतरी येत असतं, म्हणून अप्पर मारता येत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की डिप्परवर ट्रॉली किती आधी दिसते. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद आणि नंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीसेक मीटर धरले, तर हिशोब ६०-७० मीटरवर जातो. जुन्या गाडीच्या डिप्परवर एवढ्या लांबची न चमकणारी वस्तू नीट दिसत नाही. ६० च्या वेगाला हाच हिशोब ४५ मीटरच्या आसपास येतो. म्हणून आधीच सांगतो, या बल्बांनंतरही मी त्या रस्त्यावर ६० च्या वर जात नाही.

आता खोक्यावरचा आकडा. ‘१३० टक्के जास्त उजेड’ वाचून दुप्पट-अडीचपट उजेड पडेल असं वाटतं, तसं होत नाही. तुलना असते ती मानकात ठरवलेल्या किमान उजेडाशी, तीही रस्त्यावरच्या ठराविक भागापुरती. बल्ब ६०/५५ वॅटचाच राहतो, म्हणजे अप्परला ६० आणि डिप्परला ५५. एच४ चं मानक म्हणजे १३.२ व्होल्टला अप्परवर १६५० आणि डिप्परवर १००० लुमेन, १५ टक्के इकडे-तिकडे. ई-मार्क (मानकात बसत असल्याचा छाप) असलेला कुठलाही एच४ बल्ब या चौकटीतच बसतो, मग तो दोनशेचा असो वा हजाराचा. महाग बल्बातली करामत फिलामेंटमध्ये असते. तार बारीक, गुंडाळी घट्ट आणि आत झेनॉन मिसळलेला वायू. फिलामेंट जास्त तापून चमकतं आणि प्रकाश लहान जागेतून निघत असल्यामुळे रिफ्लेक्टर तो जास्त लांब फेकू शकतो. एकूण उजेड थोडाच वाढतो, पण तो पडतो कुठे हे बदलतं. याची किंमत आयुष्यात मोजावी लागते, त्याबद्दल पुढे.

बल्ब घेण्याआधी मी दोन कामं करून घेतली. खरं तर या अनुभवातला मोठा भाग त्या दोन कामांचाच आहे.

पहिलं काम काचेचं. आपण काच म्हणतो, पण या गाड्यांची हेडलाइट पॉलीकार्बोनेटची असते. तिच्यावरचा संरक्षक थर उन्हाने जातो आणि मग ती पिवळी, धुरकट होते. अशा काचेमागे कितीही भारी बल्ब लावा, उजेडाचा बराच भाग तिथेच विखुरतो, आणि विखुरलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. ८०० चा वॉटर पेपर, मग १५००, मग २०००, सगळं ओलं करून, आणि शेवटी कंपाउंड. एक सकाळ जाते आणि हात भरून येतात, बाकी अवघड काही नाही. मात्र वरून यूव्ही क्लिअर कोट मारायलाच हवा. तो न मारता सोडलेली काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते. रस्त्याकडेला टूथपेस्ट घासून काच चकाचक करून देणारे भेटतात, ती चमक तर पहिल्या उन्हाळ्यातच उतरते. जाता जाता एक: विंडशील्ड आतून पुसा. तिथे बसणारी तेलकट साय दिवसा दिसत नाही, पण समोरून दिवे आले की सगळं पांढरं होतं.

दुसरं काम वायरिंगचं, आणि ते कुणी सांगत नाही, कारण त्यात दुकानदाराला विकायला चकचकीत काही नसतं. सतरा-अठरा वर्षांच्या गाडीत वायरी बारीक, कपलरमध्ये हिरवट गंज, अर्थिंगचा बोल्ट गंजलेला. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून मल्टिमीटर धरला तेव्हा बॅटरीवर १४ व्होल्ट होते आणि बल्बच्या होल्डरवर १२.४. मधले दीड व्होल्ट वाटेत वायरी तापवण्यात जात होते. हॅलोजन बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याच्या कितीतरी पट घटतो. व्होल्टेज ५ टक्के कमी झालं की उजेड १५-१६ टक्क्यांनी पडतो, १० टक्के कमी झालं की जवळपास ३० टक्क्यांनी. म्हणजे साधाच बल्ब माझ्या गाडीत उपाशी जळत होता.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग घासून घेतलं आणि रिलेचं (छोट्या करंटवर चालणाऱ्या विजेच्या स्विचचं) तयार वायरिंग टाकलं: बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर, दोन रिले, सिरॅमिक होल्डर. स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून आता फक्त रिलेला इशारा जातो, बल्बाचा भार त्यावर नाही. नंतर होल्डरवर १३.४ व्होल्ट मिळाले. हिशोबाने ३० टक्के उजेड वाढायला हवा आणि डोळ्यांनाही तसंच वाटलं. तोही जुन्याच, साध्या बल्बांवर! ज्यांना एवढंच पुरेल त्यांनी इथेच थांबावं. बहुतेकांना पुरेल, असं माझं मत आहे. फक्त बॅटरीला थेट जोडलेल्या वायरीला फ्यूज आहे ना, हे स्वतः बघा. काही जण फ्यूजशिवायच जोडून देतात.

त्यानंतर प्लस १३० टाकले. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे आयुष्याबद्दल लिहिणार आहे ते या वर्गाचंच लक्षण आहे, एका कंपनीचं नाही. बसवणं सोपं आहे. मागचा कपलर ओढायचा, रबराची टोपी काढायची, तारेची क्लिप सोडवायची. बल्बाच्या क्वार्ट्झ काचेला बोट लागू द्यायचं नाही. बोटाचं तेल तापलं की त्या जागी क्वार्ट्झ कमजोर होतं. बल्बाच्या तीन कानांपैकी एक मोठा असतो, त्यामुळे तो उलटा बसत नाही, पण घाईत तिरका बसवता येतो. तिरका बसला की फोकस गेला.

फोकस मात्र नंतर नक्की तपासावा. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हर सीटवर कुणीतरी बसलेलं. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी केली की डिप्परच्या उजेडाची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी आणि डाव्या बाजूला ती वर चढत गेलेली दिसायला हवी. त्या चढामुळेच डावीकडची साइडपट्टी, चालणारी माणसं आणि उभ्या ट्रॉल्या आधी दिसतात. माझा उजवा दिवा बराच वर होता. काच पिवळी होती तोवर ते कळतच नव्हतं.

हंगामातला अनुभव चांगला. डिप्परवर डावीकडचा पट्टा स्पष्टपणे लांब गेला. मल्हारपेठच्या पुढे ट्रॉली आधी ‘काहीतरी आहे’ अशी दिसायची, आता तिची चाकं वेगळी दिसतात. अप्परमधला फरक त्याहून जास्त जाणवतो, घाटात वळणापलीकडची संरक्षक भिंत लवकर पकडता येते. रंग किंचित पांढरा आहे, निळा नाही, आणि ते चांगलंच. निळसर काचेचे ‘झेनॉन लुक’ बल्ब घेऊ नका. निळा लेप पिवळा-तांबडा प्रकाश अडवतो, म्हणजे त्याच वॅटमध्ये रस्त्यावर कमी उजेड पोचतो. दुकानात भिंतीवर मात्र तेच झकास दिसतात.

पावसाळ्यात चित्र वेगळं. जूनपासून हेळवाक ते पोफळी हा टप्पा म्हणजे पाऊस आणि धुकं, दोन्ही एकदम. इथे या बल्बांनी फारसं काही दिलं नाही, आणि देणारही नव्हते. कोरडं डांबर खडबडीत असतं, त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे उडतो आणि थोडा आपल्याकडे परत येतो. पाण्याने खाचा भरल्या की रस्ता आरसा होतो, प्रकाश पुढे निसटून जातो आणि समोरच्या ड्रायव्हरला त्रास देतो. आपल्याला वाटतं दिवेच बंद आहेत. धुक्यात अप्पर मारला तर पांढरी भिंत उभी राहते, बल्ब जितका तेज तितकी भिंत जाड. बंपरमध्ये खाली बसवलेले फॉग लॅम्प तिथे जास्त उपयोगी, कारण त्यांचा पट्टा रुंद असतो आणि नजरेच्या रेषेच्या बराच खाली राहतो. पिवळे ‘ऑल वेदर’ बल्ब मित्राच्या गाडीत बघितले, डोळ्याला सुखद वाटले, पण लेपामुळे तिथेही उजेड कमीच. धुक्यातले पाण्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे ‘पिवळा प्रकाश धुकं भेदतो’ यात मला फार तथ्य वाटत नाही.

‘एलईडी का नाही टाकलेस?’ हा प्रश्न मेहुण्यापासून पेट्रोल पंपावरच्या पोऱ्यापर्यंत सगळे विचारतात. एच४ मध्ये डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि फोकस वर उडत नाही. एलईडीच्या पट्टीवर चिप दोन बाजूंना बसवलेल्या असतात. फिलामेंटच्या बारीक गुंडाळीसारखी जागा आणि आकार त्यांना बहुधा जमत नाही, मग कड फाटते आणि उजेड वर सांडतो. मेहुण्याच्या गाडीत बसून बघितलं. बॉनेटपुढची पंधरा-वीस मीटर जागा दुधासारखी पांढरी, वा! पण जवळचा भाग एवढा उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं काळं जास्तच काळं दिसतं. तेवढ्या वाटेत समोरच्यांनी किती डिप्पर मारले ते त्यालाही दिसलं. मुळात एलईडीसाठीच घडवलेला हेडलाइट ही वेगळी गोष्ट, तिच्याबद्दल तक्रार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तो दिपवता कामा नये. पूर्वी हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका रंगवायची पद्धत होती, ती याच दुखण्यावरची. उपाय ओबडधोबड होता, पण समोरच्याच्या डोळ्यांचा विचार तरी त्यात होता.

शंभर-नव्वद वॅटचे बल्ब हा आणखी एक लाडका सल्ला. दोन साधे बल्ब अप्परवर १० अँपिअर घेतात, हे जवळपास १७. मूळ वायरिंगवर लावले तर होल्डर मऊ पडतो आणि रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो. रिले लावला तरी उष्णता तेवढीच राहते. ते रॅलीसाठी असतात, सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीत, असं खोक्यावरच छापलेलं असतं.

आता आयुष्याचं. श्रावणात डाव्या बाजूचा बल्ब उडाला, कोयनानगरच्या अलीकडे, डिप्परचं फिलामेंट. आधीचे साधे बल्ब तीन-चार वर्षं सहज चालले होते, याने वर्षही पूर्ण केलं नाही. बारीक, जास्त तापणारं फिलामेंट लवकर जाणारच. शिवाय रिलेमुळे त्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं, आणि व्होल्टेज ५ टक्के वाढलं की हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणजे जे उजेडासाठी केलं तेच त्याला लवकर संपवतं. थंड फिलामेंट दिवा लावताक्षणी सर्वात जास्त करंट ओढतं, त्यामुळे बल्ब बहुधा त्याच क्षणी उडतात. उगाच चालू-बंद करत बसू नये. डॅशबोर्डच्या कप्प्यात साधी जोडी कायम ठेवलेली असते, ती तिथेच रस्त्यात मोबाइलच्या उजेडात बसवली.

तेव्हापासून तीच चालू आहे आणि पावसात काही अडलं नाही. त्यामुळे पुढचं ठरवलंय. जोडीला दोन हजारांच्या आसपास मोजायचे तर ते कोरड्या महिन्यांपुरतेच मोजायचे. कारखान्यांचे बॉयलर पेटले की प्लस १३० ची नवी जोडी बसवायची, मे अखेरीला काढून डबीत ठेवायची आणि पावसाळाभर दोनशेवाले साधे बल्ब. अदलाबदलीला दोन्ही बाजू मिळून वीस मिनिटं लागतात, डावीकडे हात घालायला जागा कमी असल्याने बहुतेक वेळ तिथेच जातो.