टॅटिंगचा नवा नमुना करून बघायला दोरा कोणता घ्यावा?

टॅटिंग म्हणजे शटल नावाच्या छोट्या साधनावर दोरा गुंडाळून गाठींच्या टाक्यांनी केलेली लेस. नवा नमुना बसवताना टाके घालण्याइतकंच उसवणंही होतं. म्हणून सरावाचा दोरा निवडताना तो किती देखणा आहे ते मागाहून बघावं, बंद केलेली रिंग (दोरा ओढून वर्तुळात आवळलेले टाके) त्यावर पुन्हा उघडते का ते आधी. निवड बहुधा तिघांत असते (एकाच जातीच्या दोऱ्यात नंबर मोठा तितका दोरा बारीक): १० नंबरचा साधा तीनपदरी क्रोशाचा दोरा, ८ नंबरचं पर्ल कॉटन, आणि २० नंबरचा सहापदरी मर्सराइज्ड दोरा, म्हणजे लिझबेथ किंवा डीएमसीचा कॉर्डोने स्पेशल या जातीचा. भरतकामाचा सहा धाग्यांचा रेशीमगुंडा यात धरलेला नाही. त्याचे धागे एकमेकांत पिळलेले नसतात, जोड घेताना (म्हणजे एक रिंग दुसरीच्या पिकोत, टाक्यांमधे सोडलेल्या छोट्या फासात, अडकवताना) हुकात हमखास एखादा धागा सुटून येतो.

१० नंबरवर टाका ठळक दिसतो, मोजणी सोपी जाते, काम झरझर होतं. नजरेला ताण नको असेल तर हाच बरा. अडचण शटलची आहे. नेहमीच्या शटलमध्ये हा दोरा फारसा मावत नाही, आणि ठासून भरला तर कडांबाहेर फुगतो, रिंगमधून जाताना घासतो, मळतो. मोठा नमुना असेल तर दुसरी फेरी संपायच्या आत शटल रिकामं. शिवाय पिकोचा अंदाज चुकतो. टाक्यांचा हिशोब, समजा ५-५-५-५ ची रिंग (दर ५ टाक्यांमधे एक पिको) आणि ४-४ ची चेन (दुसऱ्या दोऱ्याने केलेली, न आवळलेली कमान), दोऱ्याचा नंबर बदलला तरी बहुतेक वेळा टिकतो. पिकोचं तसं नाही. पट्टी लावून ३ मिमी ठेवलेला जोडाचा पिको १० नंबरवर जेमतेम पुरतो आणि ८० नंबरवर लोंबतो.

पर्ल कॉटन हाताला मऊ, चमक छान, टाकाही अलगद सरकतो. तरीही सरावाला ते नको वाटतं, आणि त्याचं कारण एकच: उसवणं. बंद रिंग उघडायची तर शेवटच्या पिकोच्या दोन्ही बाजूंचे टाके नखाने जरा दूर सारायचे, मधे उघडा पडलेला गाभ्याचा दोरा (ज्यावर टाके सरकतात तो) बारीक हुकाच्या किंवा टाचणीच्या टोकाने उचलायचा आणि हळूहळू ओढून सैल घ्यायचा. तेवढ्याने शटलकडचा दोरा मागे येतो आणि रिंग ढिली होते. पर्लचे दोनच पदर, पीळही सैल. टोक नेमकं त्या दोन पदरांच्या मधे शिरतं. एक पदर वर येतो, दुसरा आतच राहतो, आणि ओढाल तसा गाभ्यावर लहानसा फुगवटा तयार होतो. रिंग कशीबशी उघडली तरी पुन्हा बंद करताना टाके त्या फुगवट्यापाशी अडतात. मग जोर लावला जातो आणि दोरा तुटतो तो नेमका रिंगच्या बुडाशी, जिथे गाठ मारायलाही शेपूट उरत नाही. साध्या तीनपदरी दोऱ्यालाही एकच रिंग दोन-तीनदा उघडली की लव सुटते, पण तो इतका दगा देत नाही.

पर्लबद्दल आणखी एक शंका आहे. दोरा मऊ असल्यामुळे नमुना तळहाताने दाबला की सपाट बसतो, आणि चेन दोन टाक्यांनी कमी पडते आहे हे लपून जातं. तोच नमुना कडक दोऱ्यावर केला की वाटीसारखा वर येतो. चेन जास्त झाली असेल तर कडेला झालर पडते, तीही मऊ दोऱ्यावर उशिरा लक्षात येते.

सहापदरी २० नंबरवर हे दोन्ही त्रास बरेच कमी. पीळ घट्ट असल्याने हुकाचं टोक पदरांत न शिरता दोऱ्याखाली जातं, आणि रिंग पुन्हा उघडली तरी दोरा गुळगुळीत राहतो. चाळीसेक टाक्यांची लांब रिंगही तुटायची भीती न बाळगता ओढता येते. दोष नाहीत असं नाही. तो महाग पडतो, आणि घट्ट पिळामुळे काम करताना दोऱ्याला वेटोळे पडतात. दर काही रिंगांनंतर शटल खाली लोंबकळत सोडून पीळ उतरू द्यावा लागतो. हे विसरलं तर रिंग ओढताना मधेच गाठ बसते.

दोरा कोणताही घेतलात तरी रंग फिका आणि एकसारखा असावा. रंगीबेरंगी छटांच्या दोऱ्यावर टाके मोजणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, आणि काळ्यावर अर्धा टाका राहून गेला तरी कळत नाही. शटलवर एक रंग आणि चेनचे टाके ज्याचे बनतात त्या गुंड्याच्या दोऱ्याला दुसरा घ्यावा. चेनमध्ये एखादा टाका फ्लिप व्हायचा (म्हणजे गाठीचा वळसा शटलच्या दोऱ्यावरून दुसऱ्या दोऱ्यावर उलटायचा) राहिला तर तिथे शटलच्या रंगाची गाठ लगेच दिसते, पुढचे दहा टाके घालून मग उसवत बसायची पाळी येत नाही. सुरुवातीला गाठ मारावी लागते आणि दोन टोकं जास्त उरतात, पण चाचणीच्या तुकड्यात टोकं लपवायची कुणाला पडली आहे?

शेवटचा नग ४० किंवा ८० नंबरवर करायचा असेल तर २० वर टाके पक्के करून पिकोची उंची तेवढी त्या बारीक दोऱ्याच्या उरलेल्या तुकड्यावर तपासावी. एक रिंग, एक चेन आणि त्यांतला एक जोड पुरतो. टॅटिंग नुकतंच शिकत असाल आणि फ्लिप अजून हातात बसला नसेल, तर मात्र तूर्त १० नंबरच बरा.