सेट लागला की टर्नलाही बेट: काही महिने वापरलेल्या पद्धतीचा अनुभव

आमच्या टेबलवरचे बहुतेक जण तीन पत्तीतून होल्डेम पोकरकडे आलेत. ट्रेल (तीन सारखे पत्ते) आली की चेहरा सरळ ठेवायचा आणि समोरच्याला चाल वाढवू द्यायची, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. तीन पत्तीत ते योग्यच आहे. तिथे पत्ते वाटले की हात ठरला. तुमची ट्रेल शोपर्यंत ट्रेलच राहते आणि समोरच्याचा कलर आणखी मोठा होत नाही. होल्डेममध्ये मात्र प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात आणि मध्ये, बोर्डवर, सगळ्यांचे सामाईक तीन पत्ते (फ्लॉप) उघडल्यावर अजून दोन उघडायचे असतात: आधी टर्न, मग रिव्हर. तिथे चांगला हात लपवून चेक केलं, म्हणजे बेट न लावता पुढे जाऊ दिलं, की समोरच्याला पुढचा पत्ता फुकट मिळतो.

म्हणून गेले काही महिने मी एकच शिस्त पाळतोय. टू पेअर (दोन जोड्या), सेट (हातातली जोडी आणि बोर्डवरचा तसाच तिसरा पत्ता) किंवा त्याहून मोठा हात असेल आणि बोर्डवर कलर (एकाच रंगाचे पाच पत्ते) किंवा स्ट्रेट (सलग पाच पत्ते) जमायची शक्यता दिसत असेल, तर फ्लॉपला पॉटच्या (मध्ये जमलेल्या चिप्सच्या) दोन-तृतीयांश बेट आणि टर्नला पुन्हा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश. रिव्हरला ड्रॉ (एका पत्त्यासाठी अडलेला कलर किंवा स्ट्रेट) पुरा झालेला दिसला तर हात आवरायचा, नाही झाला तर तिसऱ्यांदा बेट. पद्धत एवढीच आहे, पण ती टेबलवर रोज पाळायला लागल्यापासून माझा खेळ खरंच बदलला.

या पद्धतीचा सगळा जीव टर्नमध्ये आहे. फ्लॉपला कलरसाठी एक पत्ता हवा असलेल्या खेळाडूकडे नऊ आउट्स, म्हणजे हात पुरा करणारे उरलेले पत्ते, असतात. दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर त्याचा कलर ३५ टक्के वेळा लागतो. टर्न कोरा गेला की एकच पत्ता उरतो आणि तीच शक्यता १९.६ टक्क्यांवर येते. दोन्ही बाजूंनी उघड्या स्ट्रेटचंही (सलग चार पत्ते, पाचवा कुठल्याही टोकाला चालतो) तसंच, ३१.५ वरून १७.४. म्हणजे समोरच्याचा हात सगळ्यात अशक्त होतो तो टर्नलाच, आणि पॉट मोठा झाल्यामुळे तीच बेट त्याला सगळ्यात महाग पडते. तरीही मी पाहतो, फ्लॉपला जोरात बेट करणारे लोक टर्नला चेक करतात. कॉल आला, म्हणजे समोरचा बेटएवढ्या चिप्स टाकून खेळात राहिला, की त्याच्याकडेही काहीतरी असणार, ही धास्ती त्यामागे असते. काहीतरी असतंच, आणि बहुतेक वेळा तो ड्रॉ असतो!

एक हात सविस्तर सांगतो. माझ्याकडे किलवर आणि चौकट अठ्ठी. फ्लॉपवर इस्पिक राजा, इस्पिक अठ्ठी, चौकट तिर्री. पॉटमध्ये ६०० चिप्स. मी ४०० लावले, समोरच्या काकांनी कॉल केला, पॉट १४०० झाला. टर्नवर किलवर दुर्री. मी १००० पुढे सरकवले. काका म्हणाले, "एकच पत्ता राहिलाय, बघून घेऊ." त्यांच्याकडे इस्पिक एक्का-राणी होती.

आता हिशेब बघा. वरवर पाहता त्यांच्याकडे नऊ इस्पिक आउट्स आहेत. पण इस्पिक दुर्री किंवा तिर्री आली तर बोर्डवर जोडी लागते आणि माझं फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी, कलरहून मोठा हात) होतं. म्हणजे कामाचे पत्ते सातच. दोघांचे पत्ते आणि बोर्ड सोडून ४४ पत्ते उरतात, त्यातले सात म्हणजे जेमतेम १६ टक्के. १००० देऊन एकूण ३४०० च्या पॉटसाठी खेळायचं तर त्यांना २९ टक्क्यांहून जास्त शक्यता हवी होती. असा प्रत्येक कॉल त्यांना सरासरी ४६० चिप्सना पडतो. त्याच जागी मी २०० लावले असते तर त्यांना ११ टक्केच पुरले असते आणि त्यांचा कॉल बरोबर ठरला असता. समोरचा माणूस तोच, पत्ते तेच. त्याचा निर्णय बरोबर की चूक, हे माझ्या बेटच्या आकाराने ठरतं. मला ही या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

त्या वेळी रिव्हरला इस्पिक सत्ती आली आणि पॉट काकांनी नेला. टेबलवर दोन-तीन जणांनी लगेच सांगितलं की ऑल-इन करून, म्हणजे सगळ्या चिप्स लावून, त्यांना आधीच हाकलायला हवं होतं. मला ते पटत नाही. त्यांनी फोल्ड केलं असतं, म्हणजे पत्ते टाकले असते, तर मला फक्त १४०० मिळाले असते. त्यांचा कॉल मला फोल्डपेक्षा सरासरी ४६० ने जास्त फायद्याचा होता. बेट करताना मनात "जा बाबा" नसावं, "ये" असावं. फक्त येण्याची किंमत आपण ठरवायची.

यावर नेहमी येणारी हरकत म्हणजे, लागल्यावर तो रिव्हरला तुमच्याकडून आणखी काढेल त्याचं काय? तेही मोजता येतं. वरच्या हातात तो कॉल बरोबरीत यायला काकांना प्रत्येक वेळी लागल्यावर माझ्याकडून आणखी जवळपास २९०० चिप्स मिळायला हव्यात. माझ्यापुढे उरलेल्या चिप्स त्याहून कमी असतील तर त्यांचं गणित बसूच शकत नाही. चिप्स जास्त असतील तर रिव्हरला तिसरं इस्पिक पडल्यावर मोठी बेट आली की सेटही टाकून देता आला पाहिजे. ज्याला हे जमत नाही त्याला या पद्धतीचा अर्धाच फायदा मिळेल.

मर्यादाही आहेत. पहिली म्हणजे दुहेरी ड्रॉ. बोर्डवर इस्पिक दश्शी, इस्पिक नव्वी आणि चौकट दुर्री आहे, तुमच्याकडे दोन लाल एक्क्यांची जोडी आणि समोर इस्पिक राणी-गुलाम. त्याच्याकडे पंधरा आउट्स आहेत आणि फ्लॉपला तोच पुढे आहे, ५६ टक्क्यांच्या आसपास. तिथे तुमची बेट त्याला महाग पडत नाही. एका जोडीला सेटसारखं खेळवू नये, असं मी म्हणतो ते यासाठीच. दुसरी, फ्लॉपला चार-पाच जण असतील तर प्रत्येकाला मिळणारा भाव सुधारत जातो, म्हणून तिथे मी थेट पूर्ण पॉटएवढी बेट लावतो. आणि राजा-सत्ती-दुर्री तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे असतील तर ड्रॉच नसतो. तिथे एक-तृतीयांश पुरे.

कुठे खेळता यावरही बरंच अवलंबून आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशाचे ऑनलाइन टेबल बंद झाले. आमचा शनिवारचा खेळ घरचाच, पैसे न लावता, टुर्नामेंट पद्धतीने. चिप्स संपल्या की बाहेर, त्यामुळे लोक मनापासून खेळतात. पैसे नसले की ड्रॉ कोणी सोडत नाही, म्हणून तीन-चतुर्थांशच काय, पूर्ण पॉटच्या बेटलाही कॉल येतो. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत बसलो तेव्हा उलट दिसलं: टर्नच्या मोठ्या बेटला विचार करून फोल्ड करणारे बरेच भेटले. तिथे दोन-तृतीयांशच्या वर गेलो नाही. प्रत्येक पॉटमधून कॅसिनो आपला रेक (आपला वाटा) कापतो, तोही हिशेबात धरावा लागतो.

सरावासाठी मोफत मिळणारा इक्विटी कॅल्क्युलेटर (पत्ते टाकले की जिंकायची शक्यता काढून देणारा) पुरतो. खेळ संपल्यावर आठवणारे हात त्यात टाकून बघा. टेबलवर सोपा आडाखा चालतो: फ्लॉपला आउट्स गुणिले चार, टर्नला गुणिले दोन. नऊ आउट्सना ३६ आणि १८ येतात, खऱ्या आकड्यांच्या जवळच. पंधरा आउट्सना मात्र फ्लॉपचा आडाखा ६० दाखवतो, म्हणजे चढा.

महिन्या-दोन महिन्यांनी नेहमीच्या मंडळींना माझी टर्नची बेट म्हणजे मोठा हात हे कळलं आणि कॉल कमी झाले. तेव्हापासून माझा स्वतःचा कलरचा ड्रॉ असला तरी अधूनमधून तीच, त्याच आकाराची बेट लावतो. फोल्ड झालं तर पॉट लगेच मिळतो, नाही झालं तर नऊ आउट्स असतातच, आणि पुढच्या वेळी सेट असताना काका परत कॉल करतात.