लोकअभिरक्षक की पॅनेलवरील वकील? सोलापुरातील तरुण वकिलासाठी तुलनात्मक आढावा

ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू न्यायालयात मांडायची असेल, तर सोलापूर जिल्ह्यातील वकिलापुढे आज मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अखत्यारीतील लोकअभिरक्षक कार्यालयात, म्हणजे आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या कार्यालयात, पूर्णवेळ काम करणे आणि दुसरा म्हणजे त्याच प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत प्रकरणे सोपवण्यासाठीच्या वकिलांच्या यादीत, राहून स्वतःची वकिली सांभाळत प्रकरणे घेणे. फौजदारी कामात दोन्हीकडचा पक्षकार बहुधा सारखाच असतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीत असलेली व्यक्ती, स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तर इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाख रुपयांची मर्यादा आहे. फरक पडतो तो वकिलाच्या दिवसात, मिळकतीत आणि त्याच्या हाती राहणाऱ्या कामात.

निवड करण्याआधी स्वतःच्या सनदेची (वकिलीच्या परवान्याची) तारीख पाहावी, कारण पुष्कळदा निर्णय तिथेच होतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या योजनेनुसार सहायक लोकअभिरक्षकाचे पद शून्य ते तीन वर्षे वकिली झालेल्यांसाठी आहे. उपमुख्य पदासाठी फौजदारी वकिलीची सात वर्षे आणि मुख्य पदासाठी दहा वर्षे लागतात, शिवाय सत्र खटले चालवल्याचा अनुभवही दाखवावा लागतो. याउलट पॅनेलवर घेताना त्याच राष्ट्रीय प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांप्रमाणे सर्वसाधारणपणे किमान तीन वर्षांचा अनुभव पाहिला जातो. म्हणजे चौथ्या वर्षातील वकील सहायक पदाच्या पुढे गेलेला आणि उपमुख्य पदाच्या बराच अलीकडे असतो. त्याच्यासाठी पॅनेल हाच खरा पर्याय उरतो, आणि ही गोष्ट अनेक ज्युनिअरांच्या फार उशिरा ध्यानात येते.

मिळकतीचे गणित सरळ आहे. लोकअभिरक्षकाला दरमहा ठरावीक मानधन मिळते, मात्र त्या काळात खासगी वकिली करता येत नाही. नेमणूक कंत्राटी असते, प्रथम दोन वर्षांची आणि त्यानंतर काम समाधानकारक असल्यास एकेका वर्षाने वाढणारी. पॅनेलवरील वकिलाला प्रकरणागणिक ठरलेले शुल्क मिळते. त्यावर घर चालत नाही, पण चालवावे अशी अपेक्षाही नसते, कारण त्याच्या दिवाणी दाव्यांना आणि खासगी पक्षकारांना कोणी हात लावत नाही. ज्याच्या मागे वडिलांचे किंवा सीनिअरचे ऑफिस नाही अशा नवख्या वकिलाला मात्र दरमहा येणारी रक्कम पहिली काही वर्षे तगवून नेते.

माझ्या मते मोठा फरक कामाच्या पद्धतीत आहे. लोकअभिरक्षक फक्त फौजदारी प्रकरणांत आणि फक्त आरोपीच्या किंवा सिद्धदोष कैद्याच्या बाजूने उभा राहतो, पण ते काम पहिल्या रिमांडपासून सुरू होते. दोषारोपपत्र 60 किंवा 90 दिवसांत दाखल झाले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 खाली जामिनाचा हक्क निर्माण होतो. मात्र तो अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी करावा लागतो, आणि कारागृहात बसलेल्या माणसासाठी तारखा मोजणारे कोणीतरी असावे लागते. कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ काढला असेल, तर मृत्युदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळता त्याच्या सुटकेची तरतूद आहे. परंतु एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर तिचा लाभ मिळत नाही. सोलापुरात हा अपवाद विशेष बोचतो. काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी ज्यांच्या पूर्वजांना येथील सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले त्या समाजांकडे पाहण्याची नजर बदलली असे म्हणवत नाही, आणि संशयावरून एकामागून एक गुन्ह्यांत नाव येणाऱ्या तरुणाला या कलमाचा उपयोग होत नाही. अशा आरोपीची सगळी प्रकरणे एकत्र मांडून प्रत्येकात स्वतंत्र जामीन अर्ज करायला जो वेळ लागतो, तो पूर्णवेळ कार्यालयाकडेच असण्याची शक्यता जास्त. जामीन होऊनही केवळ रकमेअभावी आत राहिलेल्या कच्च्या कैद्यासाठी केंद्राच्या योजनेतून आर्थिक साहाय्य मिळू शकते, पण त्याचीही कागदपत्रे कोणीतरी तयार करावी लागतात.

पॅनेलचे क्षेत्र अधिक रुंद आहे. पोटगी, कौटुंबिक हिंसाचार, वाटणीचे दावे, मोटार अपघाताची भरपाई ही कामे तिथेच येतात. पीडितेच्या बाजूने उभे राहायचे असेल तरी पॅनेलच हवे. एकाच गुन्ह्यातील दोन आरोपी एकमेकांवर दोष ढकलत असतील, तर दुसऱ्यासाठीही कार्यालयाबाहेरचा वकील लागतो. बार्शी, पंढरपूर किंवा माळशिरसला घर आणि वकिली असलेल्याने तालुका विधी सेवा समितीमार्फत काम घेणे अधिक सोयीचे, कारण रोज सोलापूरला येण्याजाण्यातच त्याचा दिवस सरेल.

विश्वासाची अडचण दोन्हीकडे आहे. फी न घेणारा वकील मन लावून काम करील यावर पक्षकाराच्या घरच्यांचा चटकन विश्वास बसत नाही, आणि पक्षकाराकडून एक रुपयाही स्वीकारण्यास दोघांनाही मनाई आहे. विडी कामगार वस्तीत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड असा हा जिल्हा असल्याने, पक्षकाराशी त्याच्या घरच्या भाषेत बोलू शकणारा वकील अर्धी भिंत तिथेच पाडतो. इथे लोकअभिरक्षकाला एक अधिक शंका झेलावी लागते. त्याची निवड करणाऱ्या समितीचे अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश असतात आणि त्याच्या कामाचे मूल्यमापनही प्राधिकरणच करते, तेव्हा न्यायालयाला न रुचणारी उलटतपासणी तो नेटाने करील का? ही शंका निराधार नाही. परंतु पॅनेलवरील नेमणूकही त्याच प्राधिकरणाकडून होते, त्यामुळे हा फरक समजला जातो तितका मोठा नाही.

तेव्हा सनद नवी आहे, फौजदारी कामाची ओढ आहे आणि आर्थिक आधार नाही, अशा वकिलाने सहायक लोकअभिरक्षक व्हावे. ज्युनिअर म्हणून सीनिअरच्या मागे फाइल धरून जितक्या उलटतपासण्या पाहायला मिळतील, त्याहून अधिक स्वतः करण्याची संधी तिथे आहे. दिवाणी पक्षकार जमू लागलेल्याने पॅनेल सोडू नये. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात मोफत विधी साहाय्यासाठी किमान दहा वर्षे वकिली झालेल्याचाच विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अनोखीलाल प्रकरणात सांगितले आहे, म्हणून खुनाचा खटला लगेच स्वतंत्रपणे हाती येईल ही आशा नवख्याने कोठेच धरू नये. ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्ह्याची अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे (फिरत्या पीठाकडे) जातात. ज्याला पुढे अपिलांचे काम करायचे आहे त्याने पूर्णवेळ करारावर सही करण्यापूर्वी याचा विचार करावा, कारण त्या करारात असताना कोल्हापुरात खासगी अपील घेता येणार नाही.